मांडव, काच आणि करार : लग्नविधींचे अर्थ कुठून आले

वैशाखात विदर्भातल्या खेड्यात लग्नघर ओळखायचं तर दारापुढचा मांडव बघावा. वर जांभळीच्या हिरव्या डहाळ्या, खाली शेणाचा सडा. पारा 45 च्या घरात असताना वऱ्हाडी मंडळींना सावली हवी, हे त्यामागचं साधं कारण. पण त्याच मांडवाच्या मेढीला देवक बांधलं की तो कुळाचा होतो. एकच देवक असलेल्या घरांत सोयरीक होत नाही; सावलीच्या जागेत नात्यांचा नियमही येऊन बसला. बरेच विधी असेच वाढलेत. कृती जुनी असते, अर्थ मागाहून चिकटतो.

ज्यूंचं लग्नही छताखालीच लागतं. चार खांबांवर ताणलेल्या त्या कापडाला हुप्पा म्हणतात. हे लोक आपल्याला परके नाहीत. कोकणातले बेने इस्राएल पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत आले. ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत. त्यांच्याही नवरीला लग्नाआधी मेंदी लागते. प्राचीन ज्यू रीतीत आधी वाग्बंधन व्हायचं आणि नवरी नांदायला जायची ती वर्षभराने. आपल्या साक्षगंधाहून ते पक्कं, मोडायचं तर घटस्फोटच घ्यावा लागे. मध्ययुगात दोन्ही विधी एकाच दिवशी होऊ लागले.

शेवटी नवरदेव पायाखाली काच फोडतो. इसवी सन 70 मध्ये रोमनांनी जेरुसलेमचं मंदिर उद्ध्वस्त केलं, त्या दुःखाची ती आठवण, असं सांगतात. तालमूद या ज्यूंच्या जुन्या धर्मग्रंथातली गोष्ट मात्र वेगळी आहे. मुलाच्या लग्नात जमलेले धर्मपंडित मौजमजेत वाहवत चालले, तेव्हा बापाने 400 झुझ (त्या काळची चांदीची नाणी) किमतीचा पेला आणून त्यांच्यापुढे फोडला. सगळे एकदम गंभीर झाले. मंदिराचा शोक त्या काचेला पुढे जोडला गेला.

मला सगळ्यांत मोलाचा वाटतो तो केतुबा, म्हणजे अरामी भाषेतला लग्नाचा लेखी करार. घटस्फोट झाला किंवा नवरा वारला तर बायकोला ठरलेली रक्कम मिळावी आणि त्या रकमेला नवऱ्याची मालमत्ता तारण राहावी, अशी त्यात तरतूद. उठसूट बायको टाकता येऊ नये, हा हेतू. आपल्याकडे 1961 चा हुंडाबंदी कायदा असूनही लेकीच्या लग्नापायी बापाचं वावर गहाण पडतं. तारण कुणी द्यायचं, तेच उलटं झालंय. रीत म्हणून कुणीही ते पाठीशी घालू नये.

जोतीराव फुल्यांनी तर रीतच नव्याने घडवली. 1873 मध्ये पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि त्याच वर्षी भटजीविना लग्न लागलं. त्यांच्या मराठी मंगलाष्टकांत नवरी स्त्रियांच्या हक्कांचा प्रश्न काढते आणि नवरदेव त्यासाठी झटायचं वचन देतो. ही चळवळ वऱ्हाडातही रुजली. पुढे 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि विदर्भात गावोगावी बौद्ध पद्धतीने लग्नं लागू लागली. पांढरी वस्त्रं, त्रिशरण-पंचशील. होम नाही, कन्यादान नाही. वचनं नवरदेव देतो तशी नवरीही देते, सगळ्या गावादेखत.