युती आधीची आणि आघाडी नंतरची? खुलासा

निवडणुका आल्या की एक समज हमखास फिरतो: मतदानाआधी जमते ती युती, निकालानंतर जमते ती आघाडी. तो चुकीचा आहे आणि महाराष्ट्राचाच इतिहास तो खोडून काढतो.

२०१४ची विधानसभा निवडणूक भाजप आणि शिवसेनेने एकमेकांविरुद्ध लढवली. शिवसेना सरकारात आली ती निकालानंतर, डिसेंबरात. तरीही ते युतीचंच सरकार म्हणून ओळखलं गेलं. उलट काँग्रेस-राष्ट्रवादीची आघाडी १९९९मध्ये निकालानंतर झाली खरी, पण २००४मध्ये दोघं आधीच जागा वाटून घेऊन लढले, आणि नाव आघाडीच राहिलं. २०२३च्या जुलैत अजित पवार सत्तेत गेले तेव्हा विधानसभेची निवडणूक आसपासही नव्हती, तरी म्हटलं गेलं महायुतीच.

आघाडी म्हणजे काँग्रेसवाले, हेही खरं नाही. भाजपच्या नेतृत्वाखालच्या 'रालोआ'चं पूर्ण मराठी नाव राष्ट्रीय लोकशाही आघाडी. वंचित बहुजन आघाडी तर स्वतःच एक पक्ष आहे.

थोडक्यात, ही नावं सवयीने चिकटली आहेत. पक्षांतरबंदी कायदाही पक्ष ओळखतो. युती की आघाडी, याने त्याला फरक पडत नाही.

आधी की नंतर, हा प्रश्न मात्र महत्त्वाचा आहे. कुणालाच बहुमत नसेल तर राज्यपालांनी आधी कोणाला बोलवावं, याचा क्रम केंद्र-राज्य संबंधांचा अभ्यास करणाऱ्या सरकारिया आयोगाने सुचवला होता: पहिल्यांदा निवडणूकपूर्व मैत्री, मग इतरांच्या पाठिंब्यावर दावा करणारा सर्वांत मोठा पक्ष, आणि त्यानंतर निकालोत्तर जुळणी.