झोपवलंय, मग वर डोळ्यालाही भूल कशाला?

ठाण्यात घंटाळीला आमच्या सोसायटीतल्या पाच वर्षांच्या मुलीचं तिरळेपणाचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी तिची आजी जिन्यात भेटली. "डॉक्टर, पोरीला पूर्ण झोपवलं होतं ना? मग डोळ्याला वेगळी भूल कशाला? बिल फुगवायला?"

मी स्वतः भूलतज्ज्ञ, त्यामुळे प्रश्न झोंबला. पण आजींची शंका रास्त आहे.

घरातले गाढ झोपले म्हणून दारावरची बेल वाजायची थांबत नाही. पूर्ण भुलीत माणसाला वेदना जाणवत नाही, पण वेदनेचे संदेश मेंदूपर्यंत जातच असतात. आणि तळमजल्यावरचा वॉचमन, म्हणजे मस्तिष्कस्तंभ हा मेंदूचा देठासारखा खालचा भाग, बऱ्यापैकी जागा असतो.

तिरळेपणात सर्जन डोळा फिरवणाऱ्या स्नायूखाली हुक घालून तो ओढतो. या ताणाची खबर डोळ्याच्या सिलिअरी चेतांमधून (चेता म्हणजे संदेश नेणारी नस) ट्रायजेमिनल या मेंदूतून निघणाऱ्या पाचव्या चेतेत आणि तिथून मस्तिष्कस्तंभात जाते. तिथे दहाव्या, म्हणजे व्हेगस चेतेचं केंद्र आहे. व्हेगस हा हृदयाचा ब्रेक. खबर पोचली की ब्रेक दाबला जातो. मॉनिटरची टिक-टिक-टिक एकदम टिक... टिक... होते, ११०वरचे ठोके पाहता पाहता साठवर येतात. मी "सोडा!" म्हणतो, सर्जन हुक सैल करतो आणि काही सेकंदांत ठोके वर चढतात. क्वचित हृदय क्षणभर थांबतंही. व्हिएन्नाच्या अॅशनर आणि बोलोन्याच्या डॅग्निनी यांनी १९०८ मध्ये, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, या प्रतिक्षेपाचं, म्हणजे आपसूक होणाऱ्या प्रतिक्रियेचं, वर्णन केलं. डोळा दाबला तरी तो येतो. घरी करून बघू नका, पडद्याला इजा होऊ शकते.

अॅट्रोपीन हे औषध दिलं तर व्हेगसचा हृदयावरचा परिणाम अडतो, म्हणजे ब्रेकची तार हृदयाच्या टोकाला सोडवल्यासारखं. डोळ्याभोवतीची भूल ती डोळ्याच्या टोकाला सोडवते, खबर निघतच नाही. डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या पातळ आवरणाला बारीक छेद देऊन, त्याखालच्या टेनन पडद्याआड बोथट, वाकडी नळी सरकवायची आणि औषध सोडायचं. म्हणजे ती टोचणारी सुई नव्हेच. शिवाय वर झोपेची, वेदनाशामकाची औषधं कमी लागतात. तिरळेपणाच्या ऑपरेशननंतर मुलांना उलट्यांचा फार त्रास होतो, तोही घटतो.

स्टेशनबाहेरच्या 'बिनटाका, बिनइंजेक्शन' पाट्या असतात मोतीबिंदूच्या. मोठ्या माणसाचा मोतीबिंदू बहुतेकदा नुसत्या थेंबांवर होतो, त्याची तुलना इथे नको. आणि "चकणा डोळा भाग्याचा" म्हणून थांबणाऱ्यांनो, मेंदू त्या डोळ्याचं चित्र टाकून देतो आणि वय वाढलं की नजर परत आणणं कठीण होत जातं.

दोन्ही भुली एकत्र दिल्या की सगळं निर्धास्त, असंही नाही. डोळ्याची भूल देतानाच कधी ठोके घसरतात. औषधाने आवरण फुगतं, सर्जनला नीट दिसत नाही. म्हणून काही सर्जन म्हणतात, ती ऑपरेशनच्या शेवटी द्या. मग नंतरची वेदना कमी होते, पण ऐन ओढाओढीच्या वेळी ठोक्यांना संरक्षण राहत नाही. यावरून थिएटरबाहेर चहा पिताना आमचं भांडण ठरलेलं.