सहा टोले झाले, एक उरला

पहाटेची घंटा वाजते आहे. सातांपैकी सहा टोले झाले; उरलेला या जन्मात ऐकायचा शेवटचा. एका जपानी बाहुलीनाट्यातलं प्रेमी युगुल, तोकुबेइ आणि ओहात्सु, एकत्र मरायला ओसाकातल्या सोनेझाकीच्या झाडीकडे निघालं आहे. ते तो ऐकतात, आणि निवेदक गातो की घंटेतून 'जाकुमेत्सु इराकु' असा नाद उमटतो. 'अनिच्चा वत संखारा' (घडलेलं सारं अनित्य आहे) ही पाली गाथा अनेकांना पाठ असेल. तिचा शेवटचा चरण, 'तेसं वूपसमो सुखो' (ते शमणं हेच सुख), चीनमार्गे जपानला पोचला तो या रूपात.

पहिला चरण तिथे आधीच घरोघरी पोचला होता. बिवा हे तंतुवाद्य वाजवत हेइके या योद्धा घराण्याच्या पाडावाची कथा सांगणारे अंध गायक सुरुवातच अनित्यतेच्या घंटानादाने करत. अशा कथागायनातून पुढे जोरुरी आलं. शब्दाचा अर्थ शुद्ध वैदूर्य. भैषज्यगुरू बुद्धाच्या क्षेत्राचं हे नाव. त्याच्या कृपेने जन्मलेल्या राजकन्येला ते मिळालं आणि तिच्या कथेवरून गायनप्रकाराला. सतराव्या शतकात त्याला शामिसेन या तंतुवाद्याची आणि बाहुल्यांची जोड मिळाली. १६८४ साली जोरुरी गायक ताकेमोतो गिदायू यांनी ओसाकात आपलं नाट्यगृह उघडलं.

१७०३ मध्ये त्या शहरात एका प्रेमी युगुलाने खरोखरच जीव दिला. महिनाभरात त्यावरचं नाटककार चिकामात्सु मोन्झाएमोन यांचं हे सोनेझाकीचं नाटक गिदायूंच्या नाट्यगृहात लागलं. गाथा सांगते, सगळं शमलं की सुख. नाटकातले हे दोघे मात्र एकमेकांना सोडायलाच तयार नाहीत. पुढचा जन्मही एकत्रच हवा! तत्त्वाच्या काट्यावर हे बसत नाही. पण होनेन आणि शिनरान या भिक्षूंपासून रुजलेल्या सुखावती पंथात अमिदाचं, म्हणजे अमिताभ बुद्धाचं, नाव घेणाऱ्या पाप्यालाही थारा होता, आणि प्रेक्षक त्याच श्रद्धेचे होते. माझ्या मते या विसंगतीतच नाटकाचा जीव आहे. चिकामात्सुंच्याच १७२१ च्या अमिजिमाच्या नाटकात तर नायक जिहेइ प्रेयसीबरोबर मरण्याआधी केस कापून भिक्षू होतो, म्हणजे बायकोशी असलेलं नातं संपलं.

अशा नाटकांनी अनुकरण वाढतं म्हणून शोगुनशाहीने, म्हणजे तेव्हाच्या लष्करी राजवटीने, १७२३ मध्ये त्यांवर बंदी घातली. सोनेझाकीचं नाटक बाहुल्यांच्या रंगमंचावर परतलं ते थेट १९५५ साली. एव्हाना एकेका बाहुलीमागे तीन माणसं उभी राहत. स्त्री-बाहुलीला एरवी पाय नसतात. चाल किमोनोच्या कडेतूनच दिसते. ओहात्सुला एका प्रवेशापुरतं पाऊल दिलं गेलं. ओसरीखाली लपलेला तोकुबेइ ते हातात घेऊन स्वतःच्या गळ्यावरून फिरवतो. मरायची तयारी आहे का, याचं उत्तर वर बसलेल्या तिला कळतं.