दैनिक पाठांवरील लघुप्रार्थना

दैनिक पाठांवरील लघुप्रार्थना म्हणजे त्या दिवशी नेमलेल्या बायबल-पाठातून रचलेली, अर्ध्या मिनिटात म्हणून होणारी ख्रिस्ती प्रार्थना. तिचा साचा पाश्चात्त्य उपासनेतील ‘कलेक्ट’चा, म्हणजे त्या दिवसासाठी ठरलेल्या छोट्या प्रार्थनेचा. कँटरबरीचे आर्चबिशप टॉमस क्रॅनमर यांनी १५४९ च्या इंग्रजी प्रार्थनापुस्तकासाठी बऱ्याच लॅटिन कलेक्टांची भाषांतरे केली, काही नव्याने लिहिली. नाताळपूर्वीच्या आगमनकाळाच्या दुसऱ्या रविवारची प्रार्थना त्या दिवशीच्या पत्रपाठातूनच (रोमकरांस पत्र १५:४) निघालेली आहे.

पाठ ठरतात ते लेक्शनरीनुसार, म्हणजे कोणत्या दिवशी कोणता पाठ वाचायचा याच्या तक्त्यानुसार. १९९२ ची ‘रिव्हाइज्ड कॉमन लेक्शनरी’ रविवारचे पाठ तीन वर्षांच्या चक्रात देते: ‘अ’ वर्षी मत्तयाचे शुभवर्तमान (येशूचा जीवनवृत्तान्त), ‘ब’ वर्षी मार्क, ‘क’ वर्षी लूक, योहान अधूनमधून येतो. कॅथलिक पंचांगात सामान्यकाळातील (मोठ्या सणांच्या काळांबाहेरील) रविवारखेरीज इतर दिवसांचा पहिला पाठ दोन वर्षांनी फिरून येतो, शुभवर्तमान मात्र दरवर्षी तेच. हे दोन्ही पाठ आपापल्या क्रमाने पुढे सरकतात, त्यामुळे त्यांचा मेळ जमेलच असे नाही. तो ओढूनताणून घालू नये. एकच पाठ निवडावा.

साच्याचे भाग पाच: हाक, देवाच्या कृतीची किंवा गुणाची आठवण, मागणी, मागणीचा हेतू, समारोप. लिहायचा क्रम मात्र हाच असावा असे नाही. पाठ मोठ्याने दोनदा वाचावा, देव जिथे कर्ता आहे अशी क्रियापदे अधोरेखित करावीत, त्यांतले एक उचलावे. मागणी आधी लिहावी, हाक शेवटी. ‘हे सर्वसमर्थ देवा’ने सुरुवात केली की पुढचे सारे तोंडपाठ वाक्यांत वाहून जाते.

१ राजे १७:८-१६ हा सारफथच्या विधवेचा पाठ घेतला, तर:

‘विधवेचे मडके रिकामे होऊ न देणाऱ्या देवा, टंचाईतही आमची मूठ उघडी ठेव, म्हणजे दारी आलेल्याला आम्ही आधी वाढू, आमच्या प्रभू येशू ख्रिस्ताद्वारे. आमेन.’

मडके १६ व्या वचनातले, मूठ १२ व्यातली. ‘आधी’ हा शब्द १३ व्यातला, आणि प्रार्थनेचा सारा भार त्याच्यावर आहे: संदेष्टा एलीया त्या विधवेकडे तिच्या उरलेल्या मूठभर पिठातून आपली भाकर आधी मागतो. हा एक शब्द गाळला, तर उरते ती कुठल्याही दिवशी चालेल अशी दानशूरपणाची प्रार्थना.

हमखास होणारी चूक म्हणजे देवाला पाठाचा सारांश सांगणे. दुसरी, प्रार्थनेच्या आडून मंडळीला उपदेश करणे. ‘म्हणजे’नंतरचा भाग लांबला की समजावे, प्रवचन सुरू झाले. मागण्या दोन झाल्या, तर एक दुसऱ्या दिवसासाठी ठेवावी. विलापाच्या पाठावर घाईने आनंद चिकटवू नये: ८८ व्या स्तोत्राच्या शेवटी सुटका नाही, मग प्रार्थनेतही ती झाल्यासारखे बोलू नये. देवाला उद्देशून ‘तू’ आणि ‘आपण’ यांची सरमिसळ तर कानालाच खटकते.

समारोप हाकेवर अवलंबून असतो. पित्याला हाक मारली असेल, तर ‘ख्रिस्ताद्वारे’. थेट येशूला हाक मारली, तर ‘तू पित्याबरोबर व पवित्र आत्म्याबरोबर राज्य करतोस’ असा शेवट बसतो. पित्याशी बोलता बोलता शेवटी ‘तुझ्या वधस्तंभामुळे’ आले, तर मधेच हाक बदलली आहे. अशा वेळी पहिली ओळ सुधारावी.