स्वमग्न मुलांच्या सामाजिक संवादक्षमतेचे मूल्यमापन

स्वमग्न (ऑटिस्टिक) मूल किंवा युवक आपली गरज, आवड व नकार इतरांपर्यंत कसा पोहोचवतो आणि समोरच्याचे म्हणणे कितपत उमगून घेतो, हे पद्धतशीरपणे जाणून घेण्याची ही प्रक्रिया आहे. येथे बोलणे आणि संवाद यांत गल्लत होता कामा नये. जाहिराती घडाघडा म्हणणाऱ्या मुलाला तहान लागल्यावर पाणी मागता येतेच असे नाही. उलट, एकही शब्द न बोलणारे मूल आईला हाताला धरून माठापाशी नेते आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहते, तेव्हा ते स्पष्टपणे संवाद साधत असते.

कॅथरीन लॉर्ड, मायकेल रटर व सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये मांडलेल्या 'एडॉस' या निरीक्षणपद्धतीत तज्ज्ञ खेळ, चित्रांचे पुस्तक व गप्पा यांतून संवादाच्या संधी निर्माण करतो आणि साधारण ४० ते ६० मिनिटे मुलाचे निरीक्षण करतो. भारतात अपंगत्व प्रमाणपत्रासाठी 'आयसा' ही मापनश्रेणी वापरतात. तिच्यात ४० बाबींना प्रत्येकी १ ते ५ गुण दिले जातात आणि बेरीज ७० किंवा अधिक झाल्यास स्वमग्नता मानली जाते.

अशा गुणांवरून निदान व तीव्रता कळते. मुलाला काय जमते, हे मात्र पुरेसे कळत नाही. ही उणीव ओळखून कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या 'कॅनचाइल्ड' केंद्रातील संशोधकांनी शालापूर्व मुलांसाठी पाच स्तरांचे वर्गीकरण तयार केले, ते २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. मुलाची सर्वोत्तम क्षमता आणि त्याचे नेहमीचे वागणे यांची त्यात स्वतंत्र नोंद होते, आणि पालकांचे रोजचे निरीक्षणही महत्त्वाचे मानले जाते. आजीशी मोकळेपणाने खेळणारे मूल गोंगाटाच्या वर्गात गप्प होत असेल, तर दोन नोंदींतील अंतर वर्गात कोणते बदल हवेत हेच दाखवते. केवळ दवाखान्यातील एका भेटीवरून काढलेला निष्कर्ष म्हणूनच अपुरा ठरतो.

युवकांच्या बाबतीत, विशेषतः मुलींमध्ये, इतरांचे अनुकरण करून अडचणी झाकण्याची सवय आढळते. वरवर सफाईदार दिसणाऱ्या संभाषणामागील थकवा निरीक्षकाला दिसत नाही, त्यामुळे त्यांचे स्वतःचे कथन ऐकावेच लागते. संवादातील दरी दुहेरी असते, स्वमग्नेतर व्यक्तीही स्वमग्नांना समजून घेण्यात कमी पडतात, अशी मांडणी स्वतः स्वमग्न असलेले समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये केली.

मूल्यमापन घरच्या भाषेत होणेही अत्यावश्यक आहे: घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला इंग्रजीतून सूचना दिल्यास भाषेचे अज्ञान संवादाची अक्षमता म्हणून नोंदवले जाऊ शकते.