उबदार हिवाळ्यातील हिमलोट

डोंगरउतारावर साचलेला बर्फ एकाएकी सुटून खाली कोसळतो, त्याला हिमलोट किंवा हिमस्खलन म्हणतात. बहुतेक हिमलोट ३०° ते ४५° चढाच्या उतारांवर सुटतात. हिवाळा उबदार गेला की बर्फ कमी आणि म्हणून धोकाही कमी, हा समज निम्माच खरा आहे.

बर्फ थराथरांनी साचतो. वितळलेले पाणी किंवा पाऊस त्यात झिरपू लागला, की कणाकणांतील बंध सैल होतात. मधेच कठीण पापुद्रा लागला तर पाणी तिथे अडून पसरते आणि वरचा सगळा थर त्यावरून घसरू शकतो. आधी कोरडा असलेला बर्फ पहिल्यांदा ओला होतो, तो काळ सर्वांत नाजूक. भर हिवाळ्यातला पाऊस म्हणूनच वाईट: तो वजन वाढवतो, बळकटी मात्र देत नाही. काही वेळा पाऊस सुरू झाल्यावर थोड्याच वेळात उतार सुटतात. त्यातून बर्फाचा थर पातळ असेल, तर आधीच्या थंडीत तळाशी भुसभुशीत, साखरेसारखे दाणे तयार झालेले असतात आणि पायाच कच्चा राहतो.

दुपारच्या कमाल तापमानापेक्षा रात्र कशी गेली हे पाहणे अधिक उपयोगाचे. निरभ्र रात्री बर्फ उष्णता आकाशाकडे सोडतो आणि हवा शून्याच्या किंचित वर असली तरी पृष्ठभाग गोठतो. ढगाळ रात्री तसे होत नाही. सकाळी उतार ओलाच असतो. दरीतल्या थंडीवरूनही अंदाज बांधू नये. तापमान व्युत्क्रमणात थंड हवा तळाशी साचते आणि वरचे उतार उबदार राहतात. पर्वत ओलांडून उतरणारा कोरडा फॉन वारा तर दर किलोमीटरला सुमारे १०° से. तापतो.

कोरड्या भुकटीचा लोट ताशी ३०० किमी.पर्यंत धावू शकतो. ओला लोट बराच संथ, पण जड. थांबल्यावर तो घट्ट बसतो आणि गाडलेल्याला हातही हलवता येत नाही. उन्हाच्या उतारावरून घरंगळणारे बर्फाचे गोळे, घोट्याच्या वर रुतणारा बूट, मुठीत दाबताच पाणी सोडणारा बर्फ, ही त्याची पूर्वचिन्हे. उत्तर गोलार्धात पूर्वेकडचे उतार सकाळी, तर पश्चिमेकडचे दुपारनंतर तापतात. त्यामुळे युरोपातील पाच पातळ्यांच्या धोकामापनात एकाच दिवसासाठी सकाळची व दुपारची पातळी वेगळी दिली जाते.

जमीन गोठण्याआधीच भरपूर बर्फ पडला, तर गवताळ किंवा गुळगुळीत खडकाच्या उतारावर अख्खा थर तळापासून सरकू लागतो व त्याला भेगा पडतात. अशी भेग तासाभरात सुटेल, महिनाभर तशीच राहील किंवा कधीच सुटणार नाही. इथे रात्रीच्या गोठण्याचाही भरवसा नाही. भेगेखाली रेंगाळू नये, एवढेच करता येते.

तापमानवाढीचा परिणाम सगळीकडे सारखा नाही. पश्चिम हिमालयात झाडांच्या वार्षिक वलयांवरून केलेल्या व २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हिमलोट वाढल्याचे आढळले. फ्रान्समधील कमी उंचीच्या व्होज पर्वतात मात्र ते घटले आणि वरच्या उतारांकडे सरकले, असे २०२१ च्या अभ्यासात दिसून आले.