कॉर्बिन यांची जुनी मते आणि २०१८ चा तो ठराव

जेरेमी कॉर्बिन सप्टेंबर २०१५ मध्ये ब्रिटनच्या मजूर पक्षाचे नेते झाले, तेव्हा त्यांची मते कुणापासून लपलेली नव्हती. १९८३ पासून ते लंडनमधल्या इस्लिंग्टन नॉर्थचे खासदार. ब्रायटनच्या हॉटेलात १९८४ मध्ये आयआरएने (उत्तर आयर्लंडमधली ब्रिटिश सत्ता संपवण्यासाठी लढणारी सशस्त्र संघटना) घडवलेल्या स्फोटात पाच जण गेले, आणि काही आठवड्यांतच शिक्षा भोगलेल्या दोन आयरिश प्रजासत्ताकवाद्यांना कॉर्बिन यांनी संसदेत बोलावले. तेव्हाही ओरड झाली, पण मागच्या बाकावरच्या खासदाराचे कोण किती मनावर घेतो? पुढे १९९३ मध्ये उघड झाले की खुद्द सरकारचाच त्या चळवळीशी पडद्याआडून संपर्क होता. आयर्लंडचा मुद्दा २०१७ च्या निवडणुकीत पुन्हा उगाळला गेला, तरी मजूर पक्षाच्या जागा वाढल्याच.

पश्चिम आशियाचे प्रकरण मात्र तसे विरले नाही. हमास आणि हिजबुल्लाच्या प्रतिनिधींना २००९ मध्ये त्यांनी ‘मित्र’ म्हटले होते. तो शब्द वापरल्याचा खेद त्यांनी २०१६ मध्ये संसदीय समितीपुढे व्यक्त केला. पूर्व लंडनमधले एक भित्तिचित्र पुसले जाणार होते, तेव्हा २०१२ मध्ये त्यांनी फेसबुकवर चित्रकाराची बाजू घेतली होती. मार्च २०१८ मध्ये ती नोंद पुन्हा वर आली. चित्रात नाकाडे सावकार, म्हणजे ज्यूंना हिणवणारा जुनाच साचा, गरिबांच्या पाठीवर पट मांडून बसलेले. चित्र नीट पाहिलेच नव्हते, हा त्यांचा खुलासा. असे चित्र बघून न बघितल्यासारखे कसे होते, हे ज्यू संघटनांना पटले नाही, आणि पटावे अशी अपेक्षाही नव्हती. त्यांनी संसदेसमोर निदर्शने केली.

खरा गुंता झाला तो त्याच जुलैत. होलोकॉस्टच्या, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहाराच्या, स्मृतीसाठी काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१६ मध्ये ज्यूद्वेषाची एक व्याख्या स्वीकारली होती. सोबत अकरा उदाहरणे. मूळ व्याख्या मजूर पक्षाला मान्यच होती. पण पक्षाच्या कार्यकारिणीने स्वतःची आचारसंहिता केली आणि त्यात चार उदाहरणे जशीच्या तशी घेतली नाहीत. काहींचा आशय इतरत्र आहे, असा पक्षाचा दावा होता. वादाचे मूळ एका उदाहरणात होते: इस्रायल या राष्ट्राचे अस्तित्व हाच एक वंशवादी उपक्रम आहे, असे म्हणणे ज्यूद्वेष ठरू शकते. इस्रायलच्या स्थापनेच्या वेळी १९४८ मध्ये घरदार गमावलेल्या पॅलेस्टिनी माणसाने आपली कहाणी सांगितली तर तोही दोषी ठरेल का, हा प्रश्न खोटा नव्हता. व्याख्येच्या मसुद्यात सहभागी असलेल्या एका अमेरिकन जाणकारानेही ती भाषणस्वातंत्र्यावर वापरली जाण्याविरुद्ध इशारा दिला होता.

पण प्रश्न खरा असला तरी तो विचारणारा कोण, हेही बघितले जाते. ज्या नेत्याच्या जुन्या भाषणांवर बोट ठेवले जात होते, त्याच्याच पक्षाने ज्यू संघटनांच्या मागणीला कात्री लावली, असेच चित्र गेले. तीन ज्यू साप्ताहिकांनी एकाच दिवशी सारखेच पहिले पान छापले. ऑगस्टमध्ये ट्युनिसच्या दफनभूमीतला कॉर्बिन यांचा २०१४ चा पुष्पचक्राचा फोटो गाजला, कारण १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिक हल्ल्याशी नाव जोडल्या गेलेल्या पॅलेस्टिनींची थडगी तिथे होती, आणि त्यावरचे कॉर्बिन यांचे खुलासे आणखी गोंधळाचे ठरले. अखेर ४ सप्टेंबरला कार्यकारिणीने अकराही उदाहरणे स्वीकारली. कॉर्बिन यांनी आणलेले लांबलचक स्पष्टीकरण बैठकीत टिकले नाही. जे शेवटी द्यायचेच होते ते जुलैत दिले असते, तर निदान तो उन्हाळा टळला असता. माझ्या मते जुन्या एकाही वक्तव्यापेक्षा या दोन महिन्यांनी पक्षाचे अधिक नुकसान केले.

पुढचा भाग ताजाच आहे. २०१९ मध्ये पक्ष २०२ जागांवर आला. ऑक्टोबर २०२० मध्ये समानता कायद्याची देखरेख करणाऱ्या वैधानिक संस्थेने पक्षाला बेकायदा कृत्यांबद्दल जबाबदार धरले. ज्यूद्वेषाच्या तक्रारींमध्ये नेत्याच्या कार्यालयाने केलेला हस्तक्षेप हा त्यातला एक ठपका. समस्येचे प्रमाण राजकीय हेतूने फुगवले गेले, असे कॉर्बिन म्हणाले आणि त्याच दिवशी निलंबित झाले. तीन आठवड्यांच्या आत सदस्यत्व परत मिळाले, संसदीय गटात मात्र जागा मिळाली नाही. मार्च २०२३ मध्ये कार्यकारिणीने त्यांना उमेदवारी नाकारली. त्या ठरावात आधार घेतला होता तो २०१९ च्या पराभवाचा. पुढच्या वर्षी ते इस्लिंग्टन नॉर्थमधूनच अपक्ष उभे राहिले आणि मजूर पक्षाच्या उमेदवाराला ७,२४७ मतांनी हरवून निवडून आले.